शत्रू फरशीवर नाही

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाच्या घरात दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतं, फरशी दिवसातून दोनदा फिनाइलने पुसा, कांदा घरात आणू नका. दुसरं म्हणतं, जंतू नळात, मोरीत, मातीत सगळीकडेच आहेत. कुठेकुठे पुरे पडणार?

दुसऱ्या मताचा आधार खरा आहे. स्यूडोमोनास हा ओलाव्यात वाढणारा जंतू. तो पहिल्यांदा लागतो तो बहुधा परिसरातूनच. पण तो सर्वत्र आहे म्हणून धोकाही सर्वत्र सारखा, हा निष्कर्ष चूक. या आजारात फुप्फुसातला कफ घट्ट होतो, बाहेर पडत नाही आणि तिथे पोचलेला जंतू ठाण मांडतो. म्हणून पाहायचं ते एवढंच, की फुप्फुसापर्यंत कोणता जंतू पोचतो? फरशीवरच्या जंतूला ती वाट सोपी नाही. नेब्युलायझर मात्र औषधाचे सूक्ष्म तुषार थेट खोल श्वासनलिकांत नेतो. त्याचा कप ओला, अस्वच्छ राहिला तर जंतूही त्याच वाटेने जातात.

कांद्याच्या धास्तीला इतिहास आहे. कांदा सडवणाऱ्या जंतूचं वर्णन वॉल्टर बर्कहोल्डर यांनी 1950 मध्ये केलं. त्यांच्याच नावाने आज तो बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणून ओळखला जातो. सडका कांदा फेकावाच. पण ब्रिटन-कॅनडात या जंतूच्या ज्या साथी गाजल्या, त्या रुग्णाकडून रुग्णाकडे पसरल्या होत्या. रुग्ण मुलांची एकत्र शिबिरं बंद झाली ती त्यामुळेच.

मग करायचं काय? प्रत्येक वापरानंतर कपाचे भाग सुटे करून साबणाने धुवा, तेही बेसिनमध्ये न ठेवता वेगळ्या भांड्यात, कारण बेसिनची जाळी हेच जंतूंचं घर. कंपनीची मनाई नसेल तर पाच मिनिटं उकळा आणि पूर्ण वाळू द्या. व्हिनेगरवर विसंबू नका. फिल्टरचं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. उकळलेले भाग त्यात पुन्हा विसळू नका.

‘दिवसातून इतक्या वेळा हे कोण करणार?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तर फरशीवरचे कष्ट इकडे वळवायचे. जोडीला दर तीन महिन्यांनी कफाची तपासणी हवी. स्यूडोमोनास लवकर सापडला तर श्वासातून दिलेल्या प्रतिजैविकांनी बहुतेकदा हटवता येतो. मुरल्यावर तो सहसा हटत नाही. ‘व्हायचं ते होईल’ म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर नाही.

आणि हा भार एकट्या आईवर टाकू नये. नेब्युलायझर लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी तो धुण्याची रीत हातात धरून दाखवली नाही, तर ते औषधपत्र अर्धवटच आहे.