वजनकाट्यावरची जात

‘न्यूझीलंड व्हाइट’ मागितला की विक्रेता पांढरा, लाल डोळ्यांचा ससा उचलून पुढे करतो आणि व्यवहार तिथेच उरकतो. या दोन खुणांवर पैसे मोजणं आता थांबायला हवं.

ही जात नावाने न्यूझीलंडची, घडली मात्र अमेरिकेत. १९१७च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या रिपन गावी विल्यम प्रेशॉ यांनी हा पांढरा वाण वाढवायला घेतला. पांढरी फर हव्या त्या रंगात रंगवता येई आणि सोललेल्या मांसावर काळा केस दिसत नसे, म्हणून व्यापाऱ्यांनी तो उचलून धरला. पुढे औषधांच्या प्रयोगशाळांतही तो गेला. (‘प्रयोगशाळा तुमचे ससे घेतील’ या आश्वासनावर जोड्या विकणाऱ्यांना एवढंच विचारा, की तशी विक्री करायला पैदास केंद्राची नोंदणी लागते, ती कुठे आहे?)

या सशाच्या अंगात रंगद्रव्य तयारच होत नाही. हा गुण सुप्त आहे. आई-बाप दोघांकडून आला तरच तो दिसतो, पण दिसला की बाकीचे सगळे रंग झाकून टाकतो. असे दोन पांढरे ससे एकत्र आले की पिल्लं पांढरीच होणार, मग रक्त कुठलं का असेना. व्हाइट जायंट ही दुसरी जातही अशीच पांढरी, लाल डोळ्यांची.

तेव्हा काटा मागा. पूर्ण वाढलेली चांगली मादी साडेचार-पाच किलो भरते. कंबर आणि पुठ्ठे हाताने चाचपा, तळपायाची लव दाट आहे का पाहा. ती विरळ असली तर तारेच्या पिंजऱ्यात जखमा ठरलेल्या. मग मादीचं कार्ड: कितवं वेत, किती पिल्लं झाली, दूध तुटेपर्यंत किती जगली, त्या दिवशी सगळ्यांचं मिळून वजन किती. नऊ देऊन चार जगवणाऱ्या मादीपेक्षा सहा देऊन सहा जगवणारी आम्ही डोळे मिटून घेऊ. कार्डच नसेल तर भाव पाळीव सशाचा द्या, पैदाशीचा नको.

आपला उन्हाळाही हिशेबात धरा. सशाला घाम येत नाही. पारा तिशीपुढे राहिला की नराची प्रजननक्षमता घसरते आणि गारवा आल्यावरही सावरायला दीड-दोन महिने जातात. विदर्भ-मराठवाड्यात जूनमध्ये मादी रिकामी राहिली, तर तिला काढून टाकण्याची घाई नको. ऑगस्टमध्ये त्याच नराच्या पिंजऱ्यात तिला पुन्हा सोडून पाहा.