थोडे हात काळे करा!

आमच्या घरी एक येझदी रोडकिंग आहे. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. आप्पांनी ती लग्नाच्या कितीतरी आधी घेतली. तिच्यावरून ते निपाणीहून पंढरपूरला गेले, गोकर्णाला गेले आणि आंबोलीमार्गे गोव्याला किती वेळा गेले याची तर मोजदादच नाही. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९६१ साली सुरू झाला, १९७३ पासून त्याच्या गाड्या येझदी या नावाने निघू लागल्या आणि १९९६ साली तो बंद पडला. कारखाना बंद पडल्याची वार्ता आमच्या गाडीच्या कानावर बहुधा गेली नसावी. ती आपली चालतच होती.

गेल्या पावसाळ्यात मात्र तिने मान टाकली. बेळगावहून घरी येताना हत्तरगीजवळ बंद पडली. अर्ध्या तासाने, काहीच झाले नसावे अशा थाटात, पहिल्या किकला सुरू झाली आणि तवंदी घाटात पुन्हा थांबली. गॅरेजात नेली. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ झाला, पेट्रोलची नळी नवी आली, बिल झाले. दोन दिवसांनी पुन्हा तेच! आप्पा म्हणाले, "आता पुरे. सोमवारी भंगारवाल्याला बोलवतो." एवढे बोलून ते आत गेले. गाडीकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही. माझ्या हातात एक रविवार होता.

विद्यार्थिमित्रहो, मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. बारावीला विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर मला पैकीच्या पैकी गुण होते. पण तोवर मी त्या गाडीचा प्लगसुद्धा कधी स्वतः काढला नव्हता. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी. यांतले काहीतरी चुकत होते. चहाच्या गाड्यावरचे एकमत होते, की पेट्रोलच खराब. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच भागातल्या उसापासूनही बनते आणि पाणी ओढून घेते, हे खरेच आहे. म्हणून मी कार्बोरेटरची वाटी सोडवली, त्यातले पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवले. पाणी असते तर तळाशी वेगळा थर बसला असता. थर नव्हता. एक तास फुकट गेला असे वाटले. पण "नाही" हेही उत्तरच असते. मी वहीत लिहिले: पाणी नाही. किकला पायाखाली चांगला जोर लागत होता, म्हणजे दाब ठीक.

मग लक्षात आले, की गाडी थंड असताना चालते आणि तापली की मरते. याला दोन कारणे संभवतात. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र बुजले, तर आत हवा शिरत नाही, पेट्रोल उतरेनासे होते आणि थोडा वेळ थांबले की पुन्हा उतरते. किंवा विजेच्या जोडणीतला एखादा भाग तापून दगा देतो. दोन्हींचे लक्षण एकच! मी गाडी अकोळ रस्त्यावर नेली. ती बंद पडताच झाकण उघडले. सुरू झाली नाही. म्हणजे छिद्रही निर्दोष.

सोबत शेजारचे काका होते. बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, घरी कन्नड बोलणारे. त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद करायला लावला, प्लग काढून इंजिनाच्या डोक्याला टेकवला आणि मला किक मारायला सांगितली. "किडी इल्ल," ते म्हणाले. मी वाकून किडे शोधू लागलो. काका रस्त्यातच पोट धरून हसले. कन्नडमध्ये किडी म्हणजे ठिणगी!

ठिणगी प्लगला नव्हती. ती भलत्याच ठिकाणी, पॉइंटवर, चटचट उडत होती आणि पॉइंट जळून काळे झाले होते. काकांनी कंडेन्सरवर बोट ठेवले. पॉइंट उघडताना कॉईलमधला प्रवाह झटकन तुटावा लागतो, तरच दुसऱ्या वेटोळ्यात मोठा दाब तयार होतो. कंडेन्सर बिघडला, तर प्रवाह पॉइंटवरच ठिणग्या पाडत रेंगाळतो. आमचा कंडेन्सर थंडीत शहाणा आणि तापला की वेडा होत होता. नवा दोनशे रुपयांच्या आत आला. पॉइंट घासून त्यांचे अंतर फिलर गेजने लावले. बारावीचा तो धडा मला त्या दिवशी समजला.

माझे म्हणणे एवढेच, की आपल्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधी ठाऊक असते आणि रीडिंग मागून जुळवले जाते. कोणी मान्य करो वा न करो, आपण सगळेच ते करतो. बंद पडलेल्या गाडीपुढे ही चलाखी चालत नाही. ती एक तर सुरू होते, नाही तर होत नाही.

कोणी म्हणेल, एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. घरी काय उघडणार? आक्षेप खरा आहे. शिवाय ब्रेक आणि इंजिनाचे पोट ही कामे जाणत्या हातांचीच. मेस्त्रींना सुट्टी द्या असे मी म्हणत नाही. उलट गॅरेजातल्या मेस्त्रींचा त्या दिवशी दोष नव्हता. मी त्यांना "बंद पडते" एवढेच सांगितले होते. केव्हा पडते, किती वेळाने सुरू होते, हे मी पाहिलेच नव्हते, मग सांगणार काय? ते बिल माझ्या अर्धवट वाक्याचे होते. गाडी जुनी असो वा नवी, नीट पाहून नीट सांगणे तरी आपल्या हातात आहे.

कॉलेजने एक जुने इंजिन विकत घेऊन पार्किंगच्या शेडमध्ये ठेवावे, ही माझी विनंती आहे. मराठी आणि कन्नड विभागाच्या मुलामुलींनी शनिवारी ते मिळून उघडावे आणि मिळून जोडावे. शब्दांची अडचण येणार नाही. प्लग, पॉइंट आणि पाना दोन्हीकडे समजतात. किडीचा अर्थ मी सांगितलाच आहे.

सोमवारी भंगारवाला आला. आप्पांनी जुना कंडेन्सर त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "एवढंच आहे बघ." मग गाडीला किक मारून ते तवंदी घाटाकडे निघून गेले. दुपारच्या जेवणापर्यंत परतले नाहीत.