चिठ्ठी कोणाची, शिक्षा कोणास?

रिसोड तालुक्यातील एक सुतार मुलाचे कागद घेऊन आमच्याकडे आला. मुलगा पदवीच्या परीक्षेस बसला असता त्याच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. ती आपली नव्हे असे तो सांगत होता. पण "सही कर, म्हणजे पुढचा पेपर लिहू देतो" असे म्हणून एका छापील कागदावर त्याची सही घेण्यात आली. सुतार म्हणाला, "गुरुजी, पोट्ट्यानं न वाचताच सही देल्ली. आता कसं करू जी?"

आम्ही कॉपीचे वकील नव्हे, हे प्रथम सांगतो. भिंतीवरून चिठ्ठी फेकणारा चुलता आणि पैसे मोजून 'सोय' पाहणारा बाप, हे मुलाचे वैरी होत. त्यांच्या लबाडीमुळेच रात्री जागून पास झालेल्या कुणब्याच्या मुलासही "खेड्यातला आहे, कॉपीच केली असेल" हा टोमणा ऐकावा लागतो.

परंतु आरोप म्हणजे पुरावा नव्हे. उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थ्यांचा १९५४ च्या इंटरमीजिएट परीक्षेचा निकाल तेथील मंडळाने त्यांचे म्हणणे न ऐकताच रद्द केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, अशी शिक्षा करण्यापूर्वी मुलास आपली बाजू मांडू दिलीच पाहिजे. मंडळ हरले.

आपल्या राज्यातील २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातही गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमण्याची तरतूद आहे. ती केवळ परीक्षार्थींसाठी नाही. प्रश्नपत्रिका काढणारे, तपासणारे व शिक्षक हेही तिच्या कक्षेत येतात. कारण लबाडी फक्त बाकाखाली होत नसते. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत कन्येचे गुण वाढविल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९८६ साली मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावे लागले. ते बहुजन समाजातले म्हणून आम्ही हे झाकणार नाही. पण त्यांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत ऐकले गेले, आणि ते योग्यच झाले. मग तोच न्याय सुताराच्या मुलास का नसावा?

म्हणून आईबापांनी मुलास परीक्षेपूर्वीच बजावून ठेवावे. कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. चिठ्ठी आपली नसेल तर "ही माझी नव्हे, अक्षर ताडून पाहा" असे स्वतःच्या हाताने मराठीत लिहून मगच सही करावी. कागदाची नक्कल मागावी. समितीचे बोलावणे आले तर तारीख चुकवू नये. मजुरी बुडाली तरी बापाने सोबत जावे. आणि चिठ्ठी खरोखर आपलीच असेल, तर तसे कबूल करावे. खोटे रेटण्यापेक्षा वर्ष गेलेले बरे.

त्या सुताराच्या मुलाकडून आम्ही घडलेली हकीकत लिहून घेतली व अर्ज पाठविला. निकाल काय लागेल तो लागो.

आमच्या वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाखाली आहेत, त्यास गाडगेबाबांचे नाव आहे. घरची भांडी विका, पण मुलास शिकवा, असे हा परीट कीर्तनातून सांगत फिरला. ज्यांनी भांडी विकली, त्यांच्या मुलांचे म्हणणे ऐकून घेण्यास घटकाभर वेळ देणे, एवढेच आमचे मागणे आहे.