बागेची माती

आमच्या निफाडात ‘बाग’ म्हटले की द्राक्षेच डोळ्यांपुढे येतात. त्या बागेचे आम्ही काय लाड करतो ते परगावच्या मंडळींनी एकदा येऊन पाहावे! माती तपासायला प्रयोगशाळेत पाठवतो, पानावर डाग दिसला की अपरात्रीही फवारणीला धावतो. मला याची चेष्टा करायची नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची फी त्या वेलींवरच लोंबत असते. पण गावोगावी मुलांसाठी म्हणून ज्या बागा आपण काढल्या, त्यांच्या मातीकडे कोणी पाहिले आहे काय?

मीही पाहिले नव्हते. सुट्टीत भाचीला मीच एका बागेत नेत असे. घसरगुंडीखाली वाळू होती, आणि रात्री तिथे कुत्री-मांजरे येतात हे मला ठाऊक होते. बहीण कुरकुरली तेव्हा मी मास्तरकीच्या ऐटीत सांगितले, “अगं, मातीत खेळलेलं पोर काटक होतं!” पुढच्या वर्षी ती काटक पोर सांगू लागली की उजवा डोळा झाकला तर फळा दिसत नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “वाळूत खेळते का?”

कुत्र्याच्या आतड्यातला हा जंत पिल्लाला बहुधा आईच्या पोटातच मिळतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, दोन-तीन आठवड्यांत पिकतात, आणि ओल असली तर वर्षानुवर्षे टिकतात. मुलाच्या बोटांवरून ती पोटात गेली की अळी बाहेर पडते आणि यकृतात, फुप्फुसात भटकते. क्वचित डोळ्यात शिरते. क्वचित, हे मान्य. पण ज्या घरात हे घडते तिथे त्या शब्दाने कोणाचे समाधान व्हायचे?

बाग ज्यांच्या ताब्यात होती त्या साहेबांना भेटलो. ते हसून म्हणाले, “गुरुजी, तुम्ही शाळेत जंताची गोळी देता ना?” देतो तर! 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला आम्ही मुलांना समोर उभे करून ती चावायला लावतो. पण ती माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंतांसाठी. अंगभर भटकणारी कुत्र्याची अळी तेवढ्या एका गोळीने आवरत नाही. म्हणजे वाळू यांनी उघडी टाकायची, आणि तिचा बंदोबस्त पोराच्या घशातून करायचा!

वास्तविक ताजी घाण दोन आठवडे तरी या जंताची बाधा करीत नाही. रोज सकाळी ती उचलली तर प्रश्नच मिटला! त्याला एक झाडूवाला पुरतो. संध्याकाळी वाळूवर ताडपत्री ओढावी. वेलींवर कागद ओढणाऱ्या तालुक्याला हे शिकवायला नको. कुत्री मारा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण पोळी घालून पुण्य जोडणाऱ्यांनी पिल्लांना जंताचे औषधही द्यावे. आणि घरचा टॉमी बागेत फिरवणाऱ्यांनी सोबत एखादे फडके-पिशवी न्यायला लाजू नये.

या दिवाळीत भाची किल्ला करायला आमच्याकडे येणार आहे. अंगणात माती भिजवून ठेवली आहे, शेजारी बादली आणि साबण. कोणता बुरूज पुढे आणि कोणता मागे, हे अलीकडे ती हाताने चाचपून पाहते.