नवजात बालकांचे प्राण आणि ‘मर्यादित साधनां’ची सबब

अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे मूल सरकारी रुग्णालयात दगावले, की ‘साधने मर्यादित आहेत’ हे ठरावीक उत्तर मिळते. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार हजार जन्मांमागे पहिल्या 28 दिवसांत केरळात 4, तर मध्य प्रदेशात 31 बालके मृत्युमुखी पडली. वैद्यकशास्त्र दोन्हीकडे एकच आहे. तेव्हा ही तफावत निसर्गाची नव्हे, राज्यकारभाराची आहे.

साधने तुटपुंजी असतानाही काय साधते, हे पश्चिम बंगालमधील पुरुलियाने दाखवून दिले. आदिवासी व शेतमजुरांच्या या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात, डाव्या आघाडीच्या राजवटीत, 2003 साली जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बालकांसाठी खास कक्ष उघडण्यात आला. परिचारिकांचा तुटवडा होता. म्हणून स्थानिक मुलींना शिक्षण देऊन नवजात-साहाय्यिका तयार करण्यात आल्या. बाळाला ऊब देणे, दूध भरवणे, श्वासावर नजर ठेवणे, हात धुण्याची शिस्त पाळणे, या साध्या कामांवर अनेक जीव तगतात. पुढे देशभरच्या जिल्हा रुग्णालयांत असे कक्ष निघाले.

दुसरा धडा कोलंबियातील बोगोता शहराचा. तेथे 1978 साली उबपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मताच ही पद्धत सुरू केल्यास मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात, असे त्यात आढळले.

पण स्वस्त उपाय म्हणजे फुकटचा उपाय, असा सोयीस्कर अर्थ राज्यकर्ते काढतात. दिवसरात्र बाळ छातीशी धरणाऱ्या आईला कक्षातच खाट हवी, पोटभर अन्न हवे, बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी. रोजंदारीवरची शेतमजूर स्त्री हे सारे कोठून आणणार? घरी परतलेल्या बाळाची देखभाल 2011 पासून आशा कार्यकर्तीवर सोपवण्यात आली. सहा-सात घरभेटींबद्दल तिला 250 रुपये ‘प्रोत्साहन’ ठरवण्यात आले. अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस 45 व्या भारतीय श्रम परिषदेने 2013 मध्ये केली. ती आजही अंमलात आलेली नाही.

यंत्रे आणली म्हणजेही जबाबदारी संपत नाही. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बालके गेली. 15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातही तोच प्रकार घडला. विजेची जोडणी, अग्निसुरक्षा आणि पुरेसे कर्मचारी यांवरचा खर्च हा उपचाराचाच भाग आहे.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2.5 टक्के खर्चाचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. नवजात कक्षांत कायम पदे, आशांना कामगाराचा दर्जा आणि श्रमजीवी मातेला वेतनासह विश्रांती, या मागण्या आरोग्यखात्याच्या कागदावरून उचलून कामगार, शेतमजूर व महिला संघटनांच्या चळवळीत आणणे हे पक्षसभासदांचे कर्तव्य आहे. गरिबाचे मूल जगणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे.