हशापलीकडचा मालवणी माणूस

वर्षभर एक गोष्ट या अंकाच्या संपादकांना खुपत राहिली आहे. मालवणी माणूस म्हटला की वाचकाला आणि प्रेक्षकाला आधी शिवी, मग माशाचे सार आणि शेवटी भूत आठवते, आणि तेवढ्यावर सिंधुदुर्ग जिल्ह्याची ओळख झाली असे पुष्कळांना मनापासून वाटते. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावर वाद पेटला आणि तो निर्णय मागे घेतला गेला. परंतु बोलीचा, म्हणजे एखाद्या मुलखात घरोघरी जन्मापासून कानावर पडणाऱ्या भाषारूपाचा, प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

वास्तविक मालवणी बोलीचा अभ्यास जुना आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात ती ‘कुडाळी’ या नावाने कोकणीच्या पोटात येते, आणि १९६५ मध्ये अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. ‘घोडो’, ‘माका’, ‘तुका’ ही रूपे गोव्याच्या सीमेवरील तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू येतात, आणि राज्याची सीमा जिथे संपते तिथे सोयरिकी, देवस्थाने आणि जत्रा संपत नाहीत, हे नकाशापेक्षा व्याकरणच अधिक नेमके सांगते.

गाऱ्हाणे, म्हणजे ग्रामदेवतेसमोर सर्वांच्या वतीने घातलेले साकडे, नीट ऐकले तर या माणसाचे अंतरंग उलगडते. बोलणारा एकेक वाक्य टाकतो, जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ते उचलून धरतो, आणि मुंबईतल्या मुलाच्या नोकरीपासून गोठ्यातल्या आजारी गाईपर्यंत, शिवाय कळत-नकळत घडलेल्या चुकीपर्यंत, सारे देवापुढे मांडले जाते. त्यात याचना आहे, पण ती हक्काने केलेली आहे. देवालाही त्याच्या राखणदारीची आठवण करून देणाऱ्या या माणसाला नुसता फटकळ म्हणून सोडून देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळी यांनी रंगभूमीवर गाजवले, तेव्हा त्यातला हशा महाराष्ट्रभर पोहोचला, पण गावची माणसे महाभारतातले नाटक उभे करायला जिवाच्या आकांताने का धडपडतात, हा त्यामागचा प्रश्न मागे पडला. त्याचे उत्तर दशावतार या लोकनाट्यात आहे. जत्रेच्या रात्री, लिखित संहितेशिवाय, दिवसा शेतात राबणारा माणूस राजाच्या वेषात ग्रांथिक मराठीत तासन्‌तास उत्स्फूर्त बोलतो. मालवणी आणि ग्रांथिक या दोन्ही भाषा त्याच्या मालकीच्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ चित्रपटाने असा एक वृद्ध कलावंत, दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने, कथेच्या केंद्रस्थानी आणला, याचे स्वागत केले पाहिजे.

मात्र सर्वांत खोल गेली ती पुस्तके. जयवंत दळवी यांची जन्मशताब्दी ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण झाली. त्यांच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मधली माणसे प्रथम हसवतात, आणि पाने उलटत जातात तसे त्यांचे एकटेपण वाचकाच्या अंगावर येते. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त गावाची श्रद्धा, भय आणि वासना एकमेकांत इतकी गुंतली आहेत की कोणत्या कृत्याचे मूळ कशात हे ठरवणे कठीण व्हावे. श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये ही कथा आंध्रात नेऊन चित्रपट केला. तिथे मुलूख बदलला, बोलणे बदलले, तरी माणसाचे भय तेच राहिले. हे लेखन आज किती मालवणी घरांत वाचले जाते, हा प्रश्न कटू असला तरी विचारलाच पाहिजे.

‘माणूस वाचताना’ हा यंदाच्या अंकाचा विषय त्यातूनच ठरला. मालवणीत आलेले लेखन यापुढे ‘विनोद’ या सदरात टाकले जाणार नाही. कथा कथांमध्ये, कविता कवितांमध्ये आणि वैचारिक लेख वैचारिक लेखांमध्येच छापला जाईल.