हे एकदा ऐकून बघा

मित्रामित्रांतलं सगळ्यांत जोखमीचं वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं, तर मी उसनवारीचं नाव घेणार नाही. उसने पैसे परत करता येतात. बुडाले तर चार महिने बोलणं बंद राहतं आणि पोळ्याला किंवा दिवाळीला पुन्हा सुरू होतं. खरं जोखमीचं वाक्य म्हणजे, "हे एकदा ऐकून बघा." आपल्याला जीव की प्राण असलेली कॅसेट आपण मोठ्या विश्वासाने मित्राच्या हातात ठेवतो, आणि आठ दिवसांनी तो ती "बरी आहे" म्हणून परत करतो. "वाईट आहे" म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. "बरी आहे" या दोन शब्दांवर काय उत्तर द्यायचं?

शहादा तालुक्यातलं आमचं ब्राह्मणपुरी हे काही संगीताचं गाव म्हणून प्रसिद्ध नाही. कापूस, केळी, पपई, पाण्याची पाळी आणि बाजारभाव हे आमचे मुख्य राग. तरी ऐकणाऱ्यांचं एक मंडळ इथे जमलं होतं. मंडळ म्हणायचं ते आपलं सोयीसाठी. त्याला ना नाव होतं, ना वर्गणी, ना अध्यक्ष. (अध्यक्ष नव्हता म्हणूनच ते टिकलं, असं माझं मत आहे.) प्राथमिक शाळेतले एक गुरुजी, एक पिठाच्या गिरणीवाले नाना, एसटीतले एक वाहक, दोन-तीन शेतकरी आणि मी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षं हे मंडळ रात्रीचं बसायचं. रात्रीचं का, तर शेतीपंपाची वीज रात्री यायची. पंप सुरू करून परत झोपायला जाणं अवघड, मग मधला वेळ टेपरेकॉर्डरचा. वीज गेली की सेलवर. सेल उतरू लागले की मोठमोठे गवई हळूहळू खर्जात उतरत, आणि मैफल संपल्याचं वेगळं जाहीर करावं लागत नसे.

त्या काळी आमच्यापर्यंत गाणं येण्याच्या वाटा मोजक्या होत्या. एक आकाशवाणीची. जळगाव केंद्र, विविध भारती आणि रात्री खरखरीतून कसंबसं पकडलेलं सिलोन. फर्माईश पाठवायची तर पोस्टकार्डावर गाण्याच्या नावाखाली सगळ्या मित्रांची नावं ओळीने लिहायची. निवेदकाने ती यादी वाचली तर गाण्यापेक्षा यादीचाच आनंद जास्त. या पोस्टकार्डांना कुणी हसू नये. 'हे गाणं आमच्या सगळ्यांचं आहे' असं चारचौघांत सांगायची ती रीत होती. दुसरी वाट एसटीची. आमचे वाहक धुळ्याला मुक्कामी गेले की तिथल्या दुकानातून एखादी कॅसेट आणायचे. कुणाचा मेव्हणा सुरतेला, कुणाची बहीण इंदूरला. लग्नसराईत माणसं येत तेव्हा पिशवीत मिठाईबरोबर एखादी कॅसेटही येई. महिन्याला एक नवी कॅसेट म्हणजे चैन होती.

टंचाईचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. पाण्याची टंचाई पाहिलेला माणूस कुठल्याच टंचाईचं कौतुक करत नाही. पण महिन्याला एकच कॅसेट येणार असेल, तर ती कोणती आणायची हे ठरवणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. त्याचे पैसे आणि आमचा महिना, दोन्ही पणाला लागलेले असतात.

आणि कॅसेट आली की ती अख्खी ऐकायची. एकच गाणं पुढे-मागे करून ऐकायचं नाही, असा गुरुजींचा दंडक होता. त्यामागे त्यांचा विचार होता. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभराचा राग तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे हत्ती पेटीत घालण्यासारखं. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ वादनाची तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. मग कॅसेटचा जमाना आला. वेळ मिळाला तसा कलावंत नुसत्या गाण्याचा नव्हे, तर गाण्यांच्या क्रमाचा विचार करू लागला. आपण 'अल्बम' म्हणतो तो या क्रमातून जन्मला.

याचं सोपं उदाहरण म्हणजे १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा एक दिवस त्यात आहे. पहाटे अहिर भैरव, आणि दिवस सरत सरत रात्री पहाडी. आमच्यातल्या एका शेतकऱ्याला बासरीचं वेड. त्याने अधलंमधलं सगळं पळवून थेट शेवटाकडे धाव घेतली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "अहो अप्पा, सकाळी उठल्याबरोबर कुणी गादी घालतं का?" त्यानंतर टेपचं पळवण्याचं बटण आमच्याकडे फारसं वापरात राहिलं नाही. १९७४ साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा आलेल्या 'शिवकल्याण राजा'चंही तसंच. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. त्यातलं एखादं गाणं सुटं ऐकलं तर उत्तमच वाटतं, पण निवेदनासकट ओळीने ऐकलं तर आपण कुठून कुठे आलो ते कळतं. किशोरीताईंच्या तबकडीवर एका बाजूला बागेश्री आणि दुसऱ्या बाजूला भूप. बाजू बदलायला उठावं लागे, त्या अर्ध्या मिनिटात कुणी बोलत नसे. तेवढी शांतताही त्या तबकडीचाच भाग होती, असं मी मानतो.

मोठ्या शहरांत हे सगळं जास्त थाटात चालत असे. मुंबईत काळा घोडा भागातल्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये विकत घेण्याआधी ऐकून पाहण्यासाठी छोट्या खोल्या होत्या. २०१६ साली ते दुकान बंद झालं, तेव्हा अनेकांनी एखादं नातलग गेल्यासारखं दुःख केलं. पुण्यात कर्वे रस्त्यावर 'अलूरकर म्युझिक हाउस' होतं, तिथे गिऱ्हाईक कॅसेटपेक्षा मालकाशी गप्पा मारायला जास्त जात असावं. १९९० साली मुंबईत जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी ती चिकाटीने चालवली. कुणीतरी रद्दीतून सोडवून आणलेली तबकडी चार जाणकारांत वाजवायची आणि तिच्यावर बोलायचं, हा तिथला मुख्य उद्योग. ब्राह्मणपुरीच्या ओट्यावर आणि मुंबईच्या सभागृहात गोष्ट एकच चालली होती. आपल्याला सापडलेलं दुसऱ्याच्या कानावर घालायचं, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघायचं.

हे तोंडाकडे बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं. चांगली शिफारस करणारा जेवढा गाण्याचा जाणकार असतो, त्याहून जास्त माणसाचा जाणकार असतो. आमच्या नानांचं उदाहरण सांगतो. दिवसभर गिरणीच्या आवाजात उभे राहणारे नाना सिनेमाच्या गाण्यांपलीकडे काही ऐकत नसत. "ते आ-ऊ आपल्याला कळत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गुरुजींनी वाद घातला नाही. पण गाणं लागलं की नानांची बोटं पिठाच्या डब्यावर बरोबर ठेक्यात पडतात, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांनी नानांना भीमसेनांची 'अभंगवाणी' दिली. शब्द ओळखीचे, ठेका ओळखीचा, टाळांची साथ. ती महिनाभर गिरणीवर वाजली. त्यानंतर गुरुजींनी त्याच आवाजातला ख्याल पुढे केला, तेव्हा नाना म्हणाले, "माणूस तोच आहे ना? मग ऐकतो." पहिल्याच दिवशी ख्याल हातात दिला असता, तर नाना आयुष्यभर त्या वाटेला फिरकले नसते. गाणी तीच, पण क्रम चुकला असता.

आता क्रम ठरवण्याचं काम यंत्राकडे गेलं आहे. मी त्याच्या विरुद्ध नाही. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि जी ध्वनिमुद्रणं ऐकायला एकेकाळी मुंबई गाठावी लागे, ती आमच्या केळीच्या बागेत ऐकू येऊ लागली. एखाद्या खेड्यातल्या पोराला गौहरजान ऐकायची असेल, तर त्याला कुणाच्या मेव्हण्याची वाट पाहावी लागत नाही. ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय यंत्राची शिफारस पुष्कळदा बरोबरही निघते. त्याने माझ्यासमोर टाकलेली काही गाणी मी आवडीने ऐकतो.

माझी तक्रार वेगळी आहे. यंत्राला काही गमवावं लागत नाही. त्याची शिफारस मला आवडली नाही तर ते पुढची टाकतं, तीही नाही आवडली तर त्यापुढची. गुरुजींची शिफारस फसली तर त्यांना दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर माझ्यासमोरून जावं लागे. म्हणून ते विचार करून देत आणि आम्ही विचार करून ऐकत असू. पहिल्यांदा पटलं नाही तरी, "गुरुजींनी दिलंय म्हणजे काहीतरी असेल," म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकत असू. कितीतरी मोठी गाणी तिसऱ्या खेपेलाच दार उघडतात. यंत्राच्या गाण्याला आपण तिसरी खेप देत नाही, कारण त्याच्याशी आपला काही शब्द गुंतलेला नसतो.

आणि यंत्राला आधीच कुठेतरी नोंदलेलंच सुचवता येतं. आमच्या मंडळातल्या सगळ्यांत मोलाच्या शिफारशीवर ना गायिकेचं नाव होतं, ना कंपनीचं. एका रात्री वाहकांनी एक कोरी कॅसेट काढली. तिच्यावर पेनने फक्त 'कानबाई' एवढं लिहिलेलं. नानांनी अहिराणीत विचारलं, "काय शे यामा?" वाहक नुसते हसले आणि बटण दाबलं. श्रावणात आमच्या खान्देशात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना, रात्रभर जागरण आणि सोमवारी विसर्जन. त्या जागरणात वाहकांच्या मोठ्या आत्याने म्हटलेली गाणी त्यांनी घरातच भरून घेतली होती. मधे लहान मूल रडतं, कुणीतरी चहाला हाक मारतं, भांडं पडतं. आत्याबाई थांबत नाहीत. एकदा त्या ओळ विसरतात, मागून दुसरीच बाई ती ओळ उचलते आणि दोघी पुढे जातात. पाऊण तास कुणी हललं नाही.

खान्देशाला हे नवं नाही. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या-कविता घरातल्यांनी उतरवून ठेवल्या, आणि १९५१ साली त्या गेल्यावर सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं. अत्र्यांनी ते उचलून धरलं आणि १९५२ साली पुस्तक निघालं. पुढे तीच गाणी उत्तरा केळकरांच्या आवाजात घरोघर गेली. मुलाने एका जाणत्या माणसाला "हे एकदा बघा" म्हटलं नसतं, तर मराठी माणूस कशाला मुकला असता, याचा हिशेब कोण करणार? तिकडे देवासला कुमार गंधर्व क्षयाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा खिडकीतून येणारी माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली आणि त्यांचं पुढचं गाणंच बदललं. त्या बायकांच्या नावाची तबकडी कधी निघाली नव्हती.

असं पुष्कळ गाणं अजून घराघरांतल्या कपाटांत पडून आहे. कॅसेटची फीत काही अमर नसते. ती ओलसर हवेत बुरशी धरते, एकमेकींना चिकटते, वाजवताना तुटते. वाजवायचं यंत्र दुरुस्त करणारा कारागीरही आता शोधावा लागतो. ज्यांच्या घरी आजीचा, आत्याचा आवाज भरलेली कॅसेट असेल, त्यांनी ती या दिवाळीच्या साफसफाईत टाकण्याआधी मोबाइलवर किंवा संगणकावर उतरवून घ्यावी. काम एका दुपारचं आहे. आणि उतरवल्यावर ती आपल्यापाशी न ठेवता चार जणांना द्यावी, गाणारीच्या नावासकट आणि गावासकट.

आमचं मंडळ आता ओट्यावर बसत नाही. गुरुजी निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला गेले, एकजण सुरतेला असतो, नानांची गिरणी मुलगा चालवतो. पण मोबाइलवर आमचा सात जणांचा गट आहे आणि त्याचा नियम गुरुजींनीच घालून दिला आहे. महिन्याला एकानेच एक अल्बम सुचवायचा, कुणासाठी आणि का ते दोन ओळींत लिहायचं, आणि इतरांनी पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. "बरी आहे" हे उत्तर ग्राह्य धरलं जात नाही. गेल्या श्रावणात वाहकांची पाळी होती. त्यांनी ती कानबाईची कॅसेट शहाद्याच्या एका फोटो स्टुडिओतून उतरवून घेऊन पाठवली. सुरतेच्या मित्राने ती ऐकून विचारलं, "विसरलेली ओळ उचलणारी ती दुसरी बाई कोण?" आत्याबाई आता नाहीत. वाहकांना ठाऊक नव्हतं, आम्हालाही नाही. मग ती फाइल गावातल्या चार म्हाताऱ्या बायकांना घरी जाऊन ऐकवली. तिघींनी मान हलवली. चौथीने ऐकता ऐकता डोळे मिटले आणि पुढची ओळ स्वतःच म्हणायला सुरुवात केली.